मदत हवी आहे: डिस्टिल्ड पाण्यात पळणारा कॅटॅलिस्ट सांडपाण्यात बसकण मारतोय

मंडळी, एम.एस्सी.चा प्रकल्प अडलाय. कॅटॅलिस्ट (उजेडात औषध मोडायला मदत करणारा पदार्थ) म्हणून टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे नेहमीचीच पी-२५ पावडर, आणि ३६५ नॅनोमीटरचे यूव्ही दिवे वापरून पाण्यातलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मोडायचंय. हो, तेच, ज्याने गिधाडं संपत आणली आणि २००६ साली जनावरांसाठी ज्यावर बंदी आली. माणसांच्या गोळ्या चालूच आहेत, आणि साध्या एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात) ते पुरतं निघत नाही.

डिस्टिल्ड पाण्यात लिटरला १० मिग्रॅ औषध, अर्धा ग्रॅम पावडर, अर्धा तास अंधारात ढवळून मग दिवे लावले. तासाभरात ९०% गायब, गाईड खूश! मग एसटीपीतून बाहेर पडणारं पाणी गाळून घेतलं, तर तीन तासांत ३५% सुद्धा नाही. पावडर २ ग्रॅमवर नेली तर आणखीच कमी. पाणी ताकासारखं झालं होतं, उजेड आत जाणार कुठून? पीएच ७.८, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल रिचवायची ताकद) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात लिटरला २८० मिग्रॅ. औषध मोजतोय यूव्ही-व्हिजिबलवर, म्हणजे २७६ नॅनोमीटरचा उजेड पाणी किती शोषतं त्यावरून. एचपीएलसीचा (पाण्यातले पदार्थ वेगवेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) नंबर दोन आठवड्यांनी.

गाईड म्हणतात, चांदी डोप कर, म्हणजे पावडरीत थोडी चांदी मिसळ. मला वाटतं, आधी दुखणं तर कळू दे. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १:
चांदी राहू द्या. त्या पीएचला डायक्लोफेनॅक ऋणभारित असतं आणि पी-२५चा पृष्ठभागही साधारण साडेसहाच्या वर ऋणच, मग ते चिकटणार कसं? शिवाय औषध मोडण्याचं काम करणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल पाण्यातलं बायकार्बोनेट मधल्यामध्ये खाऊन टाकतं. डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ४७० मिग्रॅ खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) घाला, म्हणजे तुमच्याइतकीच अल्कलिनिटी येईल, आणि तोच प्रयोग करा. सोड्याने पीएचही चढतो, म्हणून दुसऱ्या भांड्यात नुसत्या सोडियम हायड्रॉक्साइडने तेवढाच पीएच आणा. दोन्हीकडे वेग टिकला, तर संशय पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर.

आणि तो ३५% आकडा सध्या कुणाला सांगू नका. २७६ला सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थही शोषण दाखवतात, औषधाचे तुटलेले तुकडेही. नमुने गाळून फ्रीजमध्ये ठेवा, एचपीएलसीवरच बघा.

धागाकर्ता:
सोडा हॉस्टेलच्या मेसमधला नको ना? प्रयोगशाळेतला घेतो. दोन्ही भांडी उद्याच लावतो. गाईडना काय सांगू?

प्रतिसाद १:
सांगा, चांदीच्या ऑर्डरला वेळ लागतोय.