दोन रंगांत प्राणी उभा करणं हा आळस?

निशाचर
जुन्या व्हिडिओ गेममधल्या ठिपक्यांच्या (पिक्सेल) चित्रांवरच्या कालच्या धाग्यात पिक्सेलवीर लिहितात, "चार रंगांतले प्राणी म्हणजे निव्वळ जुन्या आठवणींचं कौतुक. आता रंग हवे तेवढे आहेत, तरी बंधन पाळणं हा आळस." राहवलं नाही म्हणून लिहितोय. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हर या पोकेमॉनच्या गेममध्ये प्रत्येक पोकेमॉनला, म्हणजे त्यातल्या काल्पनिक प्राण्याला, चारच रंग. पांढरा-काळा ठरलेले, उरले दोन. अंग, पोट, सावली, जीभ, सगळं त्यात बसवायचं! आणि तेच दोन बदलले की शायनी, म्हणजे त्याच प्राण्याचा वेगळ्या रंगातला दुर्मिळ अवतार, तयार. तळ्यातला लाल ग्याराडॉस हा पोकेमॉन आठवा. निळ्याचा लाल झाला, एक ठिपका हलला नाही, तरी छातीत धस्स झालं होतं.

पिक्सेलवीर
बंधनामुळे चित्र चांगलं होतं हे थोतांड आहे. १९९६ ची जपानी रेड-ग्रीन, म्हणजे पोकेमॉनची पहिली गेम, काढून बघा. चार छटा, ५६ बाय ५६ ठिपक्यांची चौकट, आणि कित्येक प्राणी ओबडधोबड. त्याच वर्षी ब्लू ही पुढची आवृत्ती आली. चौकट तीच, छटा तेवढ्याच, चित्रं नव्याने काढली आणि सुधारली. श्रेय हाताचं.

सईची आई
भाचीसाठी मॅटीवर क्रॉस स्टिचचा पिकाचू करत होते. अ‍ॅपने फोटोवरून नक्षी दिली ती चौतीस रंगांची. नुसत्या गालाला सहा लाल! फेकून दिली. पिवळी, काळी, लाल, तपकिरी, चार लड्यांत केला. भाचीने दारातूनच ओळखला. ही अ‍ॅपं शिकणाऱ्यांचे हात बिघडवतात.

मिरजकर
सगळे मोबाइलवर बघून बोलताय. ही गेम ज्यावर चालायची त्या हातात धरायच्या मूळ गेमबॉयचा पडदा हिरवट, मागून उजेड नाही, चित्र हललं की फिसकटायचं. जाड काळी कड नसती तर प्राणी दिसलाच नसता. मामाने दुबईहून आणलेला आम्ही ट्यूबलाइटखाली तिरका धरून खेळायचो. लोडशेडिंग झालं की खेळ बंद.

पिक्सेलवीर
विषय रंगांचा आहे, पडद्याचा नाही. गोल्ड-सिल्व्हर रंगीत पडद्यावर चालायची.

मिरजकर
रंगीत पडद्याच्या गेमबॉय कलरलाही मागून उजेड नव्हता! आधी हातात घ्या, मग शिकवा.

निशाचर
मिरजकर, आवाज खाली. मुद्दा बरोबर आहे तुमचा. पिक्सेलवीर, ब्लूचंही मान्य, हात लागतोच. पण दोनच रंग असले की हाताला आधी आकार ठरवावा लागतो.

पिक्सेलवीर
पडद्यापुरतं मान्य करतो. माझा बारा रंगांचा सरडा आज दुपारी गच्चीत उन्हात मोबाइलवर पाहिला. पोट आणि शेपटी एक झाली होती. कड जाड केली. रंग मात्र बाराच राहतील.

निशाचर
टाका इथे. दोन रंगांत काढून दाखवतो.