बिलाचे मेल स्पॅममधी जायलेत, एसपीएफ नीट हाय का कसं बघायचं?

लातूरकर: आमचं डाळीचं दुकान हाय, स्वतःच्या डोमेनवरून बिलं पाठवायलो तर पुण्याच्या गिऱ्हाइकाच्या स्पॅममधी जायलेत, एसपीएफ (आपल्या डोमेनवरून कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची यादी) टाकलाय, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) बी चालू केलंय, मग अडतंय कुठं?

जालनावाला: दादा, आधी स्वतःच्याच जीमेलवर एक मेल पाठवा, तो उघडून तीन टिंबांवर दाबा, 'शो ओरिजिनल' करा, वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (पहिले दोन्ही फेल गेले तर मेलचं काय करायचं त्याचा नियम) पास का फेल दिसतंय. मग कॉम्प्युटरवर एनएसलूकअप या कमांडनं डोमेनचे टीएक्सटी रेकॉर्ड (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदी, एसपीएफ तिथंच असतोय) काढा.

लातूरकर: एसपीएफला परमएरर (म्हंजी रेकॉर्डच चुकलाय) दाखवायलंय. एसपीएफचे रेकॉर्ड दोन निघाले, एक होस्टिंगचा, एक गूगलचा.

जालनावाला: तिथंच घोळ हाय बघा. एका डोमेनला एसपीएफ एकच पाहिजे, दोन असले की दोन्ही बाद. दोन्हीचे इन्क्लुड (दुसऱ्याची यादी जोडणारे भाग) एका ओळीत घ्या आन् ते तपासायला लागणारे डीएनएस लूकअप १० च्या वर जाऊ देऊ नका.

नांदेडकर: डीमार्क राहिलाच की. अंडरस्कोर डीमार्क (_dmarc) नावानं टीएक्सटी टाका, सुरुवातीला पॉलिसी नन (काहीच अडवू नका) ठेवा, रिपोर्ट बघून मग क्वारंटाइन (स्पॅममधी टाका). घाईनं रिजेक्ट (मेल घेऊच नका) करू नका, आपलीच बिलं अडकतात.

लातूरकर: दोनाचा एक केला, तासाभरानं पास आलं! लई उपकार झाले राव, डीमार्क आज रात्री टाकतो.