निकोटीन गम वर्षभर चालूच आहे, कशी सोडू? (महिना ५०० च्या आत)

प्रेसवाला_नाशिक: नमस्कार मंडळी. सिगरेट सुटली त्याला वर्ष उलटून गेलं, पण २ मिग्रॅची गम काही सुटेना. सकाळी पेपर उघडला की एक, चहानंतर एक, मशीन अडकलं की एक. खर्च सिगरेटच्या बरोबरीला आलाय. कोणी म्हणतं पॅच (कातडीला चिकटवायची निकोटीनची पट्टी) लाव, कोणी म्हणतं वेप (ई-सिगरेट) घे. ५०० च्या आत काय होईल? आणि इतके दिवस गम खाल्ली तर त्रास होतो का?

पक्का_कोल्हापुरी: भावा सरळ बंद कर. मी एका झटक्यात सोडली, ना गम ना पॅच, परत हात लावला नाही. मनात पाहिजे फक्त. सकाळी तालमीत जा.

माधवी_ठाणे: सगळ्यांना झटक्यात नाही जमत हो दादा. आमच्या ह्यांना पॅचच लागू पडला, डॉक्टरांनी २१ मिग्रॅवरून १४ आणि मग ७ असा उतरवत आणला. रोज जागा बदलायची नाहीतर कातडी लाल होऊन खाज सुटते. महाग आहे पण तब्येतीपुढे पैसा बघू नका.

प्रेसवाला_नाशिक: ताई, वर ५०० च्या आत लिहिलंय 🙏

दुबई_रिटर्न: वेप घे रे, वास नाही राख नाही. माझा दोस्त कित्येक वर्षं त्यावरच आहे, एकदम फिट.

वकील_सोलापूर: असले सल्ले देऊ नका. २०१९ च्या कायद्याने ई-सिगरेटची आयात, विक्री, वाहतूक, जाहिरात सगळं बंद आहे, पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी वेगळी तरतूद आहे.

दुबई_रिटर्न: ओढायला बंदी कुठे लिहिलीय दाखवा.

वकील_सोलापूर: वापर हा शब्द त्यात नाही, मान्य. पण आणायला बंदी, विकायला बंदी, मग खिशात आली कुठून ते पोलिसांना सांगा.

लेस्टरवाला: इकडे इंग्लंडमध्ये वेप कायदेशीर आहे, सिगरेट सोडायला डॉक्टरही सुचवतात. २०१९ साली इथे मोठी चाचणी झाली, त्यात वर्षानंतर वेपवाले १८ टक्के सिगरेटमुक्त होते, गम-पॅचवाले ९.९ टक्के. पण पुढचं ऐका, त्या सुटलेल्यांतले वेपवाले ८० टक्के तेव्हाही वेप ओढतच होते आणि गम-पॅच वापरणारे फक्त ९ टक्के. तुमची सिगरेट तर सुटलीच आहे, मग गम सोडण्यासाठी वेप कशाला धरायचा?

अण्णा_हडपसर: आधी चघळता कशी ते सांगा. चिंगमसारखी सलग चावली तर निकोटीन थुंकीबरोबर पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळते. हळू चावायची, तिखट झणझण आली की गालात दाबून ठेवायची, झणझण गेली की परत दोनदा चावायची. गमच्या आधी पाव तास चहा-कॉफी नाही आणि गम तोंडात असताना काही प्यायचं नाही, नाहीतर नीट लागू होत नाही मग माणूस दुसरी फोडतो. मी अडकित्त्याने गमचे दोन तुकडे करायचो, एक वेळ अर्धी, एक वेळ लवंग. असं करत करत सुटली माझी.

माधवी_ठाणे: आणि सिगरेटच्या पाकिटावर नंबर असतो बघा, १८००-११-२३५६, फुकट आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

अण्णा_हडपसर: त्रासाचं विचारलंत ते राहिलं. कॅन्सर होतो तो मुख्यतः धुरातल्या विषांनी. निकोटीनची सवय लागते हे खरं, बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर डॉक्टरांना विचारा. पण गमला घाबरून परत टपरीवर उभे राहू नका.

प्रेसवाला_नाशिक: सगळ्यांचे आभार. पॅच नको, वेप तर नाहीच, आणि झटक्यात सोडायची माझी तयारी नाही. दिवाळीपर्यंत प्रेसमध्ये मरणाचं काम असतं, तोवर ५०० विसरतो आणि गम पूर्ण चालू ठेवतो. मला भीती सिगरेटची आहे, गमची नाही. अर्धी करायचं दिवाळीनंतर बघू. चहानंतरची मात्र आजपासून बंद.

पक्का_कोल्हापुरी: अजूनही सांगतो, झटक्यात सोड.

नवीन_सभासद_परभणी: पॅच लावून बघा, आमच्या साहेबांना गुण आला.