ट्रेटिनॉइन (पिंपल्सवरचं क्रीम) लावून ३ आठवडे झाले, पिंपल्स उलट वाढलेत

प्रश्न: डॉक्टरांनी ट्रेटिनॉइन ०.०२५% दिलंय, रोज रात्री लावतेय, पण नाकाच्या बाजूची त्वचा सोलून निघतेय, साधं पाणी लागलं तरी झोंबतं आणि हनुवटीवर नवे पिंपल्स आलेत. बंद करू का?

उत्तर १: अगं थांब, एवढ्यात नको सोडू. माझंही सुरुवातीला असंच झालेलं, खरा फरक १२ आठवड्यांनी दिसला. अख्ख्या चेहऱ्याला वाटाण्याएवढंच घे, तोंड धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ दे, आधी मॉइश्चरायझर मग क्रीम, तेही एक दिवसाआड. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे सोडून लाव.

उत्तर २: सकाळी सनस्क्रीन लावतेस ना? मी आळस केला, चेहरा लालबुंद झाला.

उत्तर ३: आग थांबतच नसेल तर डॉक्टरांना दाखव, मला बदलून ॲडापलीन (त्याच प्रकारचं, पण जरा सौम्य औषध) दिलं, ते मानवलं. आणि प्रेग्नन्सीचा विचार असेल तर आधीच सांग हं, तेव्हा हे लावत नाहीत.