'क्लाउस' मोठ्यांनीही बघावा

नाताळचे कार्टून सिनेमे पोरांना लावून द्यावेत आणि आपण आपलं काम करावं, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. 'क्लाउस' (२०१९) बघा. सर्जिओ पाब्लोस यांचं हे पहिलंच दिग्दर्शन, आणि काम माद्रिदच्या स्टुडिओतलं. पात्रं हाताने रेखाटलेली आहेत, फक्त त्यांच्यावरचा उजेड आणि सावल्या खास सॉफ्टवेअरने चढवल्यात. त्यामुळे कंदिलाशेजारी बसलेल्या माणसाच्या गालावरचा पिवळा उजेडसुद्धा जाणवतो. २०२०मध्ये याला बाफ्टा हा ब्रिटनचा मोठा सिनेपुरस्कार मिळाला, तो उगीच नाही.

गोष्ट साधीच. लाडावलेल्या पोस्टमनला दूरच्या बर्फाळ, भांडकुदळ गावात धाडतात; वर्षात सहा हजार पत्रं पाठवायची अट. पण मला सगळ्यात भिडते ती मार्गू. ही सामी, म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाकडच्या आदिवासी समाजातली मुलगी फक्त तिच्या स्वतःच्या भाषेत बोलते, खाली सबटायटल नाहीत. पोस्टमनला कळत नाही, तसं आपल्यालाही नाही, तरी तिचं मागणं पोचतं. फोंड्याला आमच्याकडे पोरं घरात मराठी, शेजारी कोंकणी, शाळेत इंग्रजी बोलतात. माझ्या भाचीला हाच भाग परत लावून हवा असतो.

सुरुवातीला पोस्टमनचा राग येतो, तिथे बंद करू नका. गावाबाहेर एकटा राहणारा, खेळणी बनवणारा म्हातारा म्हणजे क्लाउस; त्याच्या बायकोची गोष्ट मात्र हळवी आहे, घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आधी एकट्याने बघून घ्या.