उत्तर: गणपतीतलं इंग्रजी गाणं

भावजी, नमस्कार.
यंदाच्या गाण्यांच्या यादीत पोरांनी अमेरिकी गायक बिल विदर्सचं ‘एंट नो सनशाइन’ घातलंय. गणपतीत? तुम्ही मिरजेहून तंबोरा आणताय, पोरं तुमचं ऐकतात. जरा समजवा.
– सांस्कृतिक समितीकडून, तुमची वहिनी

---

वहिनी,
समजावतो, पण तुम्हाला!
सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावून घेत बसलोय, तार घुमायला हवी. कारागीर घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासतो, तारेखाली सुताचा दोरा सरकवतो, कान लावतो, मान हलवतो, परत घासतो. दहाला आलो, आता दीड वाजला. तेवढ्यात तुमची मेल.

हा विदर्स वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्कचा, कोळशाच्या खाणींच्या मुलखातला. जन्म १९३८. बोलताना अडखळायचा. नऊ वर्षं नौदलात काढली, मग विमानातले संडास बनवायच्या कारखान्यात लागला. पहिला अल्बम १९७१ साली, तिशी उलटल्यावर. कव्हरवर कारखान्यातच उभाय, हातात जेवणाचा डबा! गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून नोकरी धरून होता. तुमचे सासरे किर्लोस्करवाडीला होते, त्यांना हे लगेच पटलं असतं.

गाणं सोल म्हणावं तर ब्लूज (दोन्ही तिकडच्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचे प्रकार), ब्लूज म्हणावं तर गिटार घेऊन अंगणात बसलेल्या माणसाचं. मधे तो ‘आय नो’ सव्वीस वेळा म्हणतो, लागोपाठ. तिथे खरं तर आणखी शब्द लिहायचे होते. बरोबरचे कसलेले वादक म्हणाले, असंच राहू दे. नवखा गडी, ऐकलं त्यानं. भजनात एका नामावर गाडी थांबते आणि टाळ चढत जातात, तसंच आहे ते. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलीत रात्र रात्र बसलेल्या बाईला मी हे काय सांगू?

पुढच्याच वर्षी ‘लीन ऑन मी’ अमेरिकेत पहिल्या नंबरावर. तेही खाणगावातल्या शेजारधर्मावरून सुचलेलं. पोरांना म्हणावं, पुढच्या वर्षी ते बसवा. ग्रॅमी तीन मिळाली. आणि १९८५ नंतर नवा अल्बम काढलाच नाही, घरी बसला. २०२० ला गेला. मला त्याचं हे घरी बसणंच जास्त आवडतं.
– मिरजकर

---

भावजी,
भांडी घासताना ऐकलं. मी मोजले तर पंचवीसच भरले, यांनी परत लावून सव्वीस केले. आरतीआधी नको, जेवणं झाल्यावर ठेवते.
तंबोरा नीट बांधून घ्या, मागच्या वेळी भोपळ्याला तडा गेला होता. खोक्यात जागा उरली तर सांगलीचं भडंग भरा. गादीही होईल.
– वहिनी