मुलांना घेऊन नदीवर जायचंय, नुसती चटई टाकून बसायचं नाहीये

दोनघडी:
पुढच्या रविवारी आम्ही सहाजण नदीवर जातोय, आम्ही दोघं, सासूबाई, नणंद आणि पोरं, मुलगी सहाची, मुलगा दहाचा. दरवेळी काय होतं, चटई टाकायची, खायचं, फोटो काढायचे आणि तासाभरात "आता काय करू" सुरू. यावेळी मला खरंच नदी बघायचीय, ती कशी वाहते, पाण्यात कोण राहतं वगैरे, पण मला स्वतःलाच ओ की ठो कळत नाही :) शिवाय घरात वाद चालू आहे, नवरा म्हणतो गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरलं तर चालतं, सासूबाई म्हणतात घोट्याच्या वर अजिबात नाही. कोण बरोबर?

गाळपेर:
सासूबाई. आणि गुडघा कुणाचा ते नवऱ्याला आधी विचारा, त्याच्या गुडघ्याचं पाणी मुलीच्या मांडीपर्यंत येईल. वाहत्या पाण्याला ओढ असते, त्यात पायाखाली शेवाळलेले गोटे. दुसरं म्हणजे पाण्यात तळ वर आल्यासारखा दिसतो, सरळ वरून बघितलं तरी चार फुटांचं पाणी तीन फुटांचं वाटतं आणि काठावरून तिरकं बघितलं तर आणखीनच कमी. म्हणून काठी घेऊन जा, आधी काठी मग पाय. तीच काठी अर्धी पाण्यात धरून मोडल्यासारखी दिसते ते पोरांना दाखवा, दहाचा नक्की विचारेल असं का.
नदी वळते तिथे वळणाच्या बाहेरच्या बाजूला धार जोरात असते, काठ खचलेला आणि पाणी खोल. आतल्या बाजूला वेग कमी पडतो म्हणून वाळू साठते. चटई या आतल्या बाजूच्या काठावर टाका.

उथळपाणी:
एक काम करा, पांढरी ताटली आणि भिंग न्या. काठालगत जिथे पाणी खळखळतं तिथला हाताएवढा दगड हळूच उलटा करा. चपटे किडे चिकटलेले दिसतील, शेपटीला बहुतेक तीन केस, ती मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची पिल्लं. पाण्यात महिनोन्महिने राहतात आणि पंख फुटल्यावर जेमतेम काही तास किंवा एकदोन दिवस जगतात, मोठ्यांना खायला तोंडच नीट नसतं! आमची लेक हे ऐकून रडायलाच लागली होती, तेव्हा जरा सांभाळून सांगा. काही अळ्या वाळूचे कण, काड्या रेशमाने चिकटवून स्वतःभोवती नळी बनवतात, ती कचरा समजून फेकू नका, आधी हलते का बघा. बघून झालं की दगड होता तसाच पालथा ठेवायचा.

काडीकाडी:
दहाच्याला वेग मोजायला लावा. काठाने दहा पावलं मोजून खुणा करा, काडी सोडा, मोबाईलवर सेकंद मोजा. मधल्या धारेत एकदा, काठाजवळ एकदा. काठाजवळ हळू येतं कारण तिथे पाणी तळाला आणि काठाला घासतं. आमच्याकडे यातच दोन तास गेले, मग जेवायला बोलवावं लागलं.
पण वर धरण असेल तर पाणी सोडतात का ते आधी गावात विचारून घ्या. ऊन असलं तरी वर कुठे पाऊस झालाय का तेही. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज वाढला की सामान नंतर, आधी पोरं वर. आणि फुगवलेल्या रिंगवर विसंबू नका, ती धारेबरोबर पोराला घेऊन जाते.

गाळपेर:
+१. चपला पण मागे पट्टा असलेल्याच घाला. माझ्या भाच्याची स्लीपर वाहून गेली आणि तो तिच्या मागे धावला, पकडला शेवटी पण माझे हातपाय गार पडले होते.

दोनघडी:
सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं, आता त्या स्वतःची वेगळी काठी आणणार आहेत. नवऱ्याला ताटली धरायचं काम दिलंय. काडीकाडी, एक शंका, पाऊल आठ इंची धरायचं की दहा, मुलगा आत्तापासूनच भांडतोय :(

काडीकाडी:
पाऊल सोडा, दहा मीटर सुतळी घरूनच मोजून न्या. भांडण मिटलं.